वहिनींचं कारस्थान

२१ नोव्हेंबर १९३२, लष्कर, ग्वाल्हेर

मोंबासाच्या बंधुसेवा मिशनचा होकार आला. आफ्रिकेतल्या आपल्या लोकांच्या मुलांसाठी त्यांनी शाळा काढली आहे. तिचा हेडमास्तर म्हणून तीन वर्षांसाठी मी. अट एकच, सहकुटुंब यायचं. आधीचे दोन मास्तर एकटे गेले आणि घरच्या जेवणाच्या आठवणीने पळून आले, म्हणून मिशनने कानाला खडा लावला आहे. मास्तर, बायको, मूल, सगळं बिऱ्हाड हवं. जानेवारीत मुंबईहून बोट.

संध्याकाळी पानावर बसल्यावर घरात सांगितलं. दादांचा घास हातातच राहिला. दादा म्हणजे माझे थोरले बंधू बळवंतराव, दरबारच्या हिशेब खात्यात आहेत. मग म्हणाले, "आजोबा असते तर समुद्र ओलांडला म्हणून तुला पंक्तीतून उठवला असता." मी म्हटलं, "आजोबा असते तर शंभरीच्या पुढे असते, त्यांना ऐकायला तरी आलं असतं का?" माझी बायको शरयू पदराआड हसली. वहिनी हसल्या नाहीत. पोळ्या लाटत होत्या, लाटत राहिल्या.

आमची मुलगी वनू नेहमीप्रमाणे त्यांच्या मांडीला टेकून कणकेची गोळी चघळत होती. ती सहा महिन्यांची असताना शरयू तापाने अंथरुणाला खिळली, तेव्हा वहिनींनी पोर उचलली ती अजून खाली ठेवलेली नाही. त्यांना स्वतःचं मूल नाही. वनू त्यांना मोठाई म्हणते, त्यांच्या हातून जेवते, त्यांच्याच कुशीत झोपते. आता दोन वर्षांची झाली, तरी आईकडे येते ती फक्त दूध प्यायला.

एवढी मोठी बातमी ऐकून वहिनी एक शब्द बोलल्या नाहीत. परीक्षेच्या हॉलमध्ये जो मुलगा सगळ्यात शांत बसतो त्याच्याच बाहीतून चिठ्ठी निघते, हा माझा वर्षानुवर्षांचा अनुभव आहे.

२५ नोव्हेंबर

वहिनींचे प्रश्न सुरू झाले.

"भावजी, बोटीत दूध ताजं मिळतं का डब्याचं?"

"पोर रडली तर बाकीचे लोक हंगामा करतात का?"

"आणि कुणी मूल एकदम बीमार पडलं तर? बोट वापस फिरवतात का?"

मी म्हटलं, "वहिनी, बोट म्हणजे टांगा नव्हे."

"म्हणजे नाही फिरवत," त्या म्हणाल्या आणि तांदूळ निवडायला लागल्या.

काळजी दिसते खरी. पण वकीलसुद्धा आधी असेच साधे प्रश्न विचारतो आणि मग साक्षीदाराला कोपऱ्यात घेतो.

३० नोव्हेंबर

पाटणकर बाजारात शेजारच्या शालिनीताई भेटल्या. मी ट्रंकेला कुलूप बघत होतो. त्यांनी पिशवी खाली ठेवली, म्हणजे लांबचं काम आहे हे मी ओळखलं.

"मास्तर, मी सांगून राहिले आहे, नंतर म्हणू नका. तुमची वहिनी अनसूया पोरगी ठेवून घेणार."

"कोण म्हणतं?"

"तीच म्हणाली. परवा देवळात. 'एवढीशी पोर समुद्रावर कशी राहील,' म्हणाली आणि डोळे पुसत बसली. अहो, जिच्या डोळ्यांना पाणी येतं तिच्या मनात काही तरी असणारच ना? तुम्ही तीन सालांनी वापस याल तेव्हा पोरगी तुम्हाला पहचानणार पण नाही."

शालिनीताईंच्या बोलण्यातलं बारा आणे सोडून द्यावे लागतात, पण चार आणे उरतातच. आणि ते चार आणे मला पुरे आहेत. वनू राहिली तर शरयू पाऊल उचलणार नाही. शरयू राहिली तर मिशन मला घेणार नाही. इथल्या शाळेचा राजीनामा तर देऊन बसलो आहे. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं, अशी गत व्हायची. शिवाय मी वनूला सोडून राहू शकणार नाही. रोज शाळेतून आलो की ती माझा चष्मा ओढते आणि तो जमिनीवर गाडीसारखा फिरवते. एक काच तडकली आहे, तरी मी बदलत नाही.

कुठेतरी पाणी मुरतंय. डोळे उघडे ठेवले पाहिजेत.

९ डिसेंबर

बोटीवर ना आडोसा ना सोय, म्हणून वनूचं अंगावरचं दूध तोडायचं गेल्या आठवड्यात ठरलं. युक्ती वहिनींचीच. कुंडीतली कोरफड चिरून तिचा गर शरयूने लावायचा. वनूने तोंड लावलं, थबकली, आईकडे पाहिलं. पुन्हा तोंड लावलं. पुन्हा कडू. मग अशी किंचाळली की खालच्या दुकानदाराने वर येऊन विचारलं, "सब खैरियत तो है मास्टरजी?"

शरयूच रडायला लागली. वहिनींनी तिला खोलीबाहेर काढलं. "तू समोरून हट. तू दिसलीस की तिला आशा वाटते. तोडायचं तर एकदम तोडावं. थोडं थोडं तोडलं की पोराचे जास्त हाल होतात." आणि वनूला घेऊन गच्चीवर गेल्या.

चार दिवसांत वनूने मागणं सोडलं. सगळे म्हणतात वहिनींचं कौतुक करावं तेवढं थोडं. मी मात्र वेगळंच पाहिलं. मुलीला आईपासून तोडलं कुणी? आणि तोडून नेली कुणी? मांजर डोळे मिटून दूध पितं, पण बाकीच्यांनी डोळे मिटलेले नसतात.

१८ डिसेंबर

आता हे नवीनच.

वहिनींनी एकाएकी रंग बदलला. वनूचं अंथरूण शरयूच्या खोलीत टाकलं. वनूला भरवत नाहीत. पदराच्या टोकाला तिच्यासाठी बत्तासा बांधलेला असायचा, तोही नाही. आज सकाळी वनू नेहमीसारखी स्वयंपाकघराकडे धावली तर दार आतून लावलेलं. ती दोन्ही हातांनी दारावर थापा मारत होती, "मोठाई, मोठाई." आत भांड्यांचा आवाज चालू होता. नुसती भांडी वाजत होती. इतकी भांडी आमच्या घरात आहेत हे मला ठाऊक नव्हतं.

शेवटी शरयू आली आणि वनूला उचलून घेऊन गेली. दार वाजवून "वहिनी, हे काय चाललंय?" असं मी विचारलं. आतून आवाज आला, "भावजी, मला कामं आहेत."

महिनाभरापूर्वी जिच्यावर जीव टाकत होत्या तिच्या तोंडावर दार? मला यातून दोनच अर्थ दिसतात. एक, राग. पोर मिळत नाही म्हटल्यावर तिच्यावरच उट्टं काढायचं. दुसरा त्याहून वाईट. पोरीला रडवून रडवून आजारी पाडायची, म्हणजे जाणंच रद्द. वनू हल्ली जेवत नाही नीट. दुपारी झोपेतून दचकून उठते.

दादांशी बोललो. दादा म्हणाले, "तिला तिचं करू दे, गोपाळ." म्हणजे दादाही सामील.

२३ डिसेंबर

आज पुरावा हाती लागायचाच, थोडक्यात हुकला.

वहिनी हल्ली रोज दुपारी वनू झोपली की बाहेर जातात. विचारलं की "जरा जाऊन येते." कुठे, ते सांगत नाहीत. आज शाळेला अर्धी सुट्टी होती. मी त्यांच्या टांग्यामागे टांगा लावला. आमचा लष्कर भाग मागे पडला, किल्ल्याला वळसा घालून टांगा थेट हजीऱ्याला. इतक्या लांब त्यांचं कुणीही नाही. माहेर झाशीचं.

मकबऱ्याच्या बागेशी उतरल्या. मी झाडाआड उभा राहिलो. वाटलं आता कुणी भेटायला येईल. वकील, नाहीतर एखादा गंडेदोरेवाला. वहिनी एका दगडी कठड्यावर बसल्या. बसूनच राहिल्या. जवळ विणकाम नाही, जपमाळ नाही, काही नाही. दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवलेले. तिथे एक बाई मूल घेऊन फिरत होती, ते मूल रडायला लागलं तशा वहिनी उठल्या आणि बागेच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसल्या. ऊन कलेपर्यंत तशाच. कुणी आलं नाही.

त्यांचा टांगेवाला फाटकाशी बिडी ओढत होता. मी सहज विचारल्यासारखं विचारलं. म्हणाला, "बाई साहब को रोज लाता हूँ बाबूजी. बैठती हैं, फिर पूछती हैं, अब तो बच्ची उठ गई होगी? मैं कहता हूँ, उठ गई होगी. तब चलती हैं."

बच्ची उठण्याशी या भानगडीचा काय संबंध? बहुधा ज्याची वाट पाहत होत्या त्याच्याशी वेळ तशी ठरली असावी. माझा वास लागला म्हणून तो आला नाही. उद्या पुन्हा जायला हवं, पण उद्या शाळा आहे.

३१ डिसेंबर

वनूचे सगळे कपडे ट्रंकेत घातले. कुलूप लावलं, म्हणजे पोर गुपचूप ठेवून घेता येणार नाही. किल्ली माझ्या जानव्याला. शरयू म्हणाली, "आता पोरीला घालू काय?" रोज एक झबलं काढून देईन म्हणालो. ती कपाळावर हात मारून गेली.

८ जानेवारी १९३३

शरयूचे डोळे पुन्हा लाल. स्वयंपाकघरातून आली होती. या दोघींची आत कुजबुज चालते आणि मी दिसलो की थांबते. आज मी सरळ विचारलं, "तुला यायचं आहे ना मोंबासाला? का तुलाही फितवलं?"

"यायचंय. म्हणून तर हे सगळं."

"हे सगळं म्हणजे काय?"

"काही नाही. तुम्ही तिकिटांचं बघा."

"त्या वनूशी अशा वागतात, तुला राग येत नाही?"

ती म्हणाली, "मला त्यांच्याकडे बघवत नाही." म्हणजे तिलाही राग आहे. निदान बायको तरी माझ्या बाजूची आहे, असं आज वाटतंय. उद्याचं सांगता येत नाही.

एक बरं आहे. वनू रडते कमी. दुपारी उठली की आता शरयूला हाक मारते.

१४ जानेवारी, संक्रांत

फार वाईट दिवस.

वनूचं बोरन्हाण होतं. हलव्याचे दागिने वहिनींनीच केले. आठवडाभर शेगडीशी बसून एकेक दाणा काट्यावर आणत होत्या, बोटांची टोकं भाजली आहेत. मुकुट, हार, वाक्या, सगळं. वाटलं, आल्या ताळ्यावर. पण आज आळीतल्या बायका जमल्या, काळं परकर-पोलकं घालून वनू पाटावर बसली, बोरं, उसाचे तुकडे, चुरमुरे तिच्या डोक्यावरून ओतले, पोरांनी झुंबड केली, आणि वहिनी आल्याच नाहीत. आत पाठ करून बसून राहिल्या.

वनू पाटावरून उठली. मुठीत हलवा घेतला आणि धावत आत गेली. मी मागून गेलो. तिने वहिनींच्या तोंडापुढे मूठ धरली. "मोठाई, आ कर." वहिनींनी तिचा हात बाजूला केला. हलवा सांडला. म्हणाल्या, "जा. मी नाही तुझी मोठाई. आईकडे जा."

वनूचा ओठ थरथरला. मग वळली आणि "आई" करत शरयूकडे गेली, तिच्या खांद्यात तोंड खुपसलं.

माझं डोकं फिरलं. दारात बायका उभ्या होत्या, त्याचंही भान राहिलं नाही. "जळता तुम्ही पोरीवर," मी ओरडलो. "स्वतःला झालं नाही म्हणून!"

बायकांनी आपापली पोरं मागे ओढली. शालिनीताईंनीसुद्धा. वहिनी वळल्या. चेहरा राखेसारखा पडला होता. म्हणाल्या, "हो भावजी. जळते. आता तिला माझ्याकडे येऊ देऊ नका म्हणजे झालं."

कबुली मिळाली. इतके दिवस जे शोधत होतो ते त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं. मला बरं वाटायला हवं होतं. वाटत नाही. तिळगूळ कुणी कुणाला दिला नाही. शरयू माझ्याशी बोलत नाही.

१९ जानेवारी, गाडीत

निघालो. निघताना हातावर दही ठेवतात, ते माझ्या आणि शरयूच्या हातावर वहिनींनी ठेवलं. बोटं गार होती. मी वाकून नमस्कार केला, रीत म्हणून. वनूची पाळी आली तशी वाटी शरयूच्या हातात देऊन देवघरात गेल्या आणि दार लोटून घेतलं. जाणाऱ्या पोरीला डोळाभर पाहावंसंही वाटलं नाही! शरयू देवघराच्या दाराबाहेर जमिनीला डोकं टेकवून उठली. देवाला असेल.

स्टेशनवर दादा आले होते. गाडी हलायच्या बेतात असताना म्हणाले, "गोपाळ, अनसूयेबद्दल मनात काही..." मी म्हटलं, "दादा, जाऊ द्या. झालं गेलं." त्यांनी मान हलवली आणि गाडीबरोबर चार पावलं चालले.

मी खिडकीपाशी बसून सारखा वनूकडे बघत होतो. आता रडेल, मग रडेल. तिने एकदाही मागे पाहिलं नाही. झाशीला पेढा खाल्ला आणि शरयूच्या मांडीवर झोपून गेली. किल्ली अजून जानव्याला आहे, पण आता तिची गरज नाही. पोर माझ्या ताब्यात आहे. जिंकलो म्हणायचं.

२६ जानेवारी, बोटीवर

समुद्राबद्दल लोक फार काही सांगतात. मला त्यात पाण्याशिवाय काही दिसलं नाही. दोन दिवस पोटात काही ठरलं नाही. शरयूचंही तेच. वनू मात्र ठणठणीत. दोरखंडाच्या वेटोळ्यात बसते, येणाऱ्या जाणाऱ्याला "राम राम" करते, खलाशी तिला संत्री देतात. डब्याचं दूध पिते. झोप आली की शरयूचा पदर धरते आणि झोपते.

शेजारच्या केबिनमध्ये जामनगरचं कुटुंब आहे. नैरोबीला दुकान आहे त्यांचं. त्यांचा मुलगा वनूहून जरासा मोठा. बोट सुटल्यापासून तो रडतो आहे. आजीकडे वाढला, तिला 'बा' म्हणतो. "बा, बा" एवढंच. आईने घास दिला तर थुंकतो, दूध दिलं तर पेला उडवतो. बाप म्हणतो, "मास्तर, काय सांगू, बंदरावर आजीच्या गळ्यातून ओढून काढावा लागला."

२९ जानेवारी

जामनगरच्या मुलाला ताप भरला. चार दिवसांत मूल ओळखू येईना इतकं वाळलं. आवाज बसला, नुसते ओठ हलतात, "बा." बोटीचा डॉक्टर येऊन गेला. औषध पोटात ठरत नाही. त्याची आई मला म्हणाली, "मास्तरसाहेब, बोट मागे फिरवतात का हो?"

केबिनमध्ये आलो. वनू शरयूच्या मांडीवर भात खात होती. मी सहज बोलून गेलो, "वाईट आहे, पण त्याच्या आजीने माया तरी लावली होती म्हणायची. नाहीतर आमच्याकडे बघ. वनूने एकदा तरी वहिनींचं नाव काढलं? पोरांना बरोबर कळतं कुणाच्या पोटात काय आहे ते."

शरयूने घास खाली ठेवला. लग्न होऊन सहा वर्षं झाली, तिचा असा आवाज मी ऐकला नव्हता.

"तुम्ही एक शब्द बोलू नका त्यांच्याबद्दल. आज नाही. ते शेजारचं पोर बघा आणि मग बोला. तुमची पोर जेवते आहे ती कुणामुळे? त्यांना पहिल्या दिवशीच कळलं होतं, ही त्यांच्याशिवाय बोटीवर अन्न घेणार नाही. मला म्हणाल्या, 'शरयू, दूध तोडलं तसं मला पण तोडावं लागेल. मीच कडू होते.' माझ्या पायाशी बसून म्हणाल्या. मी म्हटलं नको, मी इथेच राहते, मिशन नाही म्हणालं तरी चालेल. तर म्हणाल्या, 'नाही. तू घर मोडू नकोस.' हजीऱ्याला कशाला जात होत्या ठाऊक आहे? घरात असत्या तर वनूचं दुपारी उठल्यावरचं रडणं ऐकून दार उघडलं असतं, म्हणून. इतक्या लांब, की आवाज येऊ नये."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुम्हाला? तुम्ही दुसऱ्या दिवशी पोर कडेवर घेऊन गेला असता, 'वहिनी, घ्या हो जरा' म्हणत. आणि त्या म्हणाल्या, 'भावजी रागावलेत ते ठीक आहे, घरात कुणी तरी माझ्यावर खरोखर रागावलेलं असलं की पोरीला लवकर पटेल.' तुम्ही संक्रांतीला बोललात ते त्यांनी ऐकून घेतलं. मला शपथ होती. नाहीतर त्याच वेळी..." वनूने तिच्या गालावरचं पाणी भाताच्या हाताने पुसलं.

मी डेकवर येऊन बसलो. सवयीने उलटतपासणी करून पाहिली. उत्तर फार जुळून आलेलं आहे, आणि जुळून आलेल्या उत्तरांवर माझा विश्वास नसतो. पण मग तो टांगेवाला आठवला. त्याला कुणी पढवलं होतं? मी झाडाआड उभा राहून सगळं पाहिलं, आणि मला काही दिसलं नाही. मी काय बोललो त्या दिवशी! बायकांच्या देखत.

२ फेब्रुवारी, मोंबासा

उतरलो. जामनगरच्या मुलाचा ताप काल उतरला, देवाची कृपा. पण त्याला उचलून न्यावं लागलं. वनू माझं बोट धरून शिडीवरून स्वतःच्या पायांनी उतरली.

१९ फेब्रुवारी

शाळा मोठी आहे, मुलं द्वाड आहेत, घर हवेशीर आहे. वहिनींना पत्र लिहायला तीनदा बसलो. मायना लिहिला की पुढे सरकत नाही.

११ मार्च

दादांचं पत्र आलं. लष्करात उन्हाळा सुरू झाला, वगैरे. शेवटी लिहिलं आहे, "अनसूयेचं अन्न सुटलं आहे. पानावर बसते आणि उठते. डॉक्टर म्हणतात दुखणं काही नाही. ती एवढंच म्हणते, वनू तिकडे माझ्या नावाने रडत असेल. पोर कशी आहे ते खरं खरं कळव."

शरयूला वाचून दाखवलं. वनू ओसरीवर मिशनच्या मुलांबरोबर शिंपले मांडत होती. मी तिला हाक मारली.

"वनू, मोठाई कुठे आहे?"

तिने मान वर केली. तिला वाटलं खेळ आहे. नाक कुठे, कान कुठे, बाबा कुठे, तसा. जरा विचार केला आणि हसत शरयूकडे बोट दाखवलं. मग पुन्हा शिंपल्यांकडे वळली.

मी उत्तर लिहायला बसलो. लिहिलं, "वहिनींना सांगा, वनू रोज त्यांची आठवण काढते. सारखी मोठाई मोठाई करते." लिहून मनाला बरं वाटलं. एवढं तरी त्यांना द्यावं.

शरयूने वाचलं आणि कागद ओढून घेतला. "हे पाठवू नका."

"का? तेवढंच समाधान त्यांना."

"आठवण काढते म्हणजे रडते, असंच वाचतील त्या. उरलेले दोन घास पण जाणार नाहीत मग. दादांनी खरं कळव म्हटलंय ना? खरं लिहा."

"विसरली असं लिहू? वहिनींना?"

"हो. त्यांनाच."

दुसरा कागद घेतला. डोळ्यांत पाणी आलं, ते इथे लिहायला हरकत नाही, ही वही कुणी बघत नाही. शेवटी लिहिलं, "सौ. वहिनींस साष्टांग नमस्कार. वनू पोटभर जेवते, शांत झोपते, रडत नाही. बोटीवरही रडली नाही. आज तिला विचारलं, मोठाई कुठे आहे, तर तिने आईकडे बोट दाखवलं. ती तुम्हाला अगदी विसरली आहे."

खाली संक्रांतीबद्दल दोन ओळी लिहाव्यात म्हणून दौतीकडे हात नेला. शरयू म्हणाली, "ते पुढच्या पत्रात. आज एवढंच जाऊ द्या."

तिने कागदाची घडी केली, पाकिटात घातली, डिंक लावून तळहाताने दाबून धरला आणि म्हणाली, "आता जेवतील त्या."